मी जागी होते

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाठच्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा तेवढं सोडून बाकीचं सगळं बोलते — त्याला काय, तो विचारत नाही. तुला का सांगतेय? तू माझं कुणी लागत नाहीस म्हणून असेल. आणि एक आधीच बजावून ठेवते, ऐकून झाल्यावर माझी समजूत काढायला येऊ नको. 'असं होतं गं माणसाच्या हातून' वगैरे. तसलं काही ऐकलं की माझं डोकं फिरतं.

गोष्ट पहाटे उठण्याची आहे. हसू आलं ना? येऊ दे. एवढ्याशा गोष्टीत काय ते पाप, असंच वाटणार.

परवा वरच्या मजल्यावरच्या भाभीजी आपल्या नव्या सुनेला घेऊन आल्या. म्हणाल्या, "चाचीजी, इसको भी अपने जैसा बना दीजिए, नौ बजे तक पड़ी रहती है." पोरगी बिचारी खाली मान घालून उभी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तिला म्हटलं, "सो ले बेटी, जितना सोना है सो ले." भाभीजी खो खो हसल्या. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय. सगळ्या कॉलनीत माझं नाव आहे — चाची चारला उठतात, सासूच्या सेवेसाठी लावून घेतलेली सवय, अजून सुटली नाही. सेवा! हा शब्द कुणी काढला की मी आत निघून जाते.

मी मूळची भुसावळची. माहेरी आठ वाजल्याशिवाय डोळा उघडला नाही आणि कुणी उघडायलाही लावला नाही. लग्न होऊन झाशीला आले, सीपरी बाजारच्या पलीकडे रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. आमचे हे मालगाडीवर गार्ड. मालगाडीच्या गार्डाला ठरलेली वेळ नसते. गाडी तयार झाली की स्टेशनातून कॉलमन सायकलवर येतो आणि दारात ओरडतो — "गार्ड साहब, कॉल है!" — मग ती दुपार असो की पहाट. त्याच्यानंतर थोड्या वेळात अंघोळ, डबा, युनिफॉर्म, सगळं. माझे सासरे ड्रायव्हर होते, त्यामुळे सासूबाईंचा जन्म या हाकेवर गेलेला. कॉलमनची सायकल कोपऱ्यावर वाजली की ती उठून बसायची. आणि घरातल्या बाईनं तसंच उठायचं असतं, हा तिचा कायदा.

तोंडावर मी तिला आई म्हणायचे. मनात म्हातारी.

तिचं माहेर इथलंच, गुरसराय गावचं. जुन्या मराठी घराण्यातली, त्याचा तोरा भारी. बोलणं मराठी, पण निम्मं हिंदीत बुडवलेलं. माझ्या अंगावरची रजाई ओढून काढायची — झाशीतल्या पौषात, हं, विटा गोठतात तेव्हा — आणि म्हणायची, "काय गं बहू, सूरज डोक्यावर आला, तुझी झोप काही पुरी होत नाही." दूधवाल्याला सांगायची, हमारी बहू तो सूर्यवंशी है. आणि हळदीकुंकवाला! या गावात आम्ही मराठी बायका त्या किती, सगळ्या मिळून एका खोलीत मावतो. त्या सगळ्यांपुढे, मी अत्तर लावत फिरत असताना, ती माझ्या घोरण्याची नक्कल करायची. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मीही हसायचे. काय करणार?

मी तिचा द्वेष करायचे. साधा, सरळ, रोजच्या वरणभातासारखा द्वेष. तिनं मला उपाशी ठेवलं नाही, माझ्या माहेरावरून बोलली नाही, कधी हात उगारला नाही. हे मुद्दाम सांगतेय. नाहीतर तू उगाच माझ्या बाजूनं हिशेब मांडायला बसशील.

मग ती न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, या वयात आता उभं राहणं अवघड आहे. खाट आली तिच्या नशिबी. मागच्या खोलीत, खिडकीशी खाट टाकली. उठबस सगळी दुसऱ्याच्या हातात. पण डोकं? डोकं माझ्यापेक्षा तल्लख. हे नीट लक्षात ठेव, सगळं इथंच आहे.

आमचे हे ड्युटीवरून आले की बूट न काढता आधी तिच्या खाटेशी बसायचे. सगळी फेरी तिला सांगायची. तीच विचारायची — "मऊरानीपुरला किती वेळ उभं केलं रे? समोरून क्रॉसिंगला कुठली गाडी होती?" तिकडची सगळी स्टेशनं तिला तोंडपाठ, सासऱ्यांकडून आयुष्यभर ऐकलेली. हे सांगायचे, ती मधेच एखादी जुनी आठवण काढायची, आणि दोघं खिदळायची. मी ओट्याशी चपात्या लाटत ऐकायचे. मला कधी यांनी एक सिग्नलसुद्धा सांगितला नव्हता. हेवा वाटायचा. वाटायचा म्हणजे काय — जळायचे मी.

आता कॉलमनच्या हाकेला उठणार कोण? मीच. पहिले काही दिवस माझे मला ठाऊक. मग युक्ती सापडली — रात्री झोपताना तांब्याभर पाणी प्यायचं, पहाटे आपोआप जाग येते. कॉल असो नसो, उठायचंच. कशासाठी? तिला दाखवायला. बघ म्हातारे, कोण सूर्यवंशी ते.

आणि मग एक गंमत झाली. मला ती पहाट आवडायला लागली.

खरंच सांगते, इतकी आवडायला लागली की मी आदल्या संध्याकाळपासून तिची वाट बघायचे. झाशीचा उन्हाळा तुला माहीत असेल तर कळेल. दिवसभर दगड तापतो, रात्रभर ती धग भिंतीतून बाहेर येत राहते. श्वास घ्यावा असा एकच काय तो तास — उजाडायच्या आधीचा. मी स्टोव्ह पेटवून आल्याचा चहा करायचे, फक्त माझ्यापुरता, आणि मागच्या अंगणातल्या पायरीवर जाऊन बसायचे. यार्डात डबे जोडल्याचे आवाज यायचे. कडुनिंब हलायचा. कुठंतरी मोर ओरडायचा. कुणी काही मागत नाही, कुणी बोलत नाही, कुणाची जीभ नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मला काहीतरी माझं मिळालं होतं. ती पायरी म्हातारीच्या खिडकीच्या बरोबर खाली होती.

खाली म्हणजे किती खाली? हात वर केला तर गज लागायचा.

तिला पहाटेच लघवीला लागायचं. मी उठलेली आहे हे तिला कळायचं, स्टोव्हचा आवाज यायचा ना. मग ती हाक मारायची — "बहू." मोठ्यानं नाही. शेजारी ऐकू जाईल याची लाज होती तिला. "बहू, जरा ये गं." मी जायचे, भांडं द्यायचे, साफ करायचे, परत येईपर्यंत चहा थंड झालेला असायचा आणि उजाडलेलं असायचं. माझा तास संपलेला.

एके दिवशी तिनं हाक मारली तेव्हा कपात दोन घोट राहिले होते. म्हटलं, संपवून जाऊ. दोन घोट म्हणजे काय वेळ? दुसऱ्या दिवशी अर्धा कप होता. मग — कसं सांगू — मग मी हाक आली की हळू प्यायला लागले. तिचा आवाज बदलत जायचा, आधी नुसती हाक, मग जरा घाई, मग रडवेला. म्हातारीला, त्या गुरसरायच्या तोऱ्याला, मी माझी वाट बघायला लावत होते. मला ते गोड लागत होतं. चहापेक्षा गोड. झालं तुझं समाधान?

एकदा आत गेले तर अंथरूण ओलं. ती छताकडे बघत पडलेली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "आई, हाक तरी मारायची!"

ती म्हणाली, "मारली की."

"मला नाही आली ऐकू."

एवढंच. इतकं सोपं होतं ते. ठरवून केलं का? पहिल्यांदा नसेल. पण त्यानंतर? त्यानंतर प्रत्येक वेळी मी ठरवूनच बसून राहिले.

असं होत राहिलं. मग एकदा हे पहाटे ड्युटीवरून आले ते नेमके मी चादर बदलत असताना. यांनी विचारलं, "आई, अगं हाक का नाही मारलीस?" ती म्हणाली, "मारली रे. कितीदा मारली." यांनी माझ्याकडे बघितलं. मी हातातली चादर गोळा केली आणि म्हणाले, "मी तर कधीची उठलेय. पायरीवरच होते. मला आली नसती का ऐकू?" अगदी शांतपणे बोलले. थोडं वाईट वाटल्यासारखा चेहरा करून.

आणि यांनी माझं ऐकलं. का नाही ऐकणार? साऱ्या कॉलनीत आता माझं नाव झालेलं. सून पहाटे चारपासून सासूसाठी जागी. असल्या बाईला हाक ऐकू येत नाही म्हणजे हाक मारलीच नसणार. माझं पहाटेचं उठणंच माझ्या बाजूनं साक्षीला उभं राहिलं. हे हळूच मला म्हणाले, "आईचं डोकं चाललंय बहुतेक." मी म्हटलं, "वय झालं हो."

त्या दिवसापासून तिच्या चादरीखाली रबरी कापड आलं. आणि हे तिच्याशी मोठ्यानं, सावकाश बोलायला लागले, लहान मुलाशी बोलतात तसं. ती विचारायची, "मऊरानीपुरला उभं केलं का रे?" हे म्हणायचे, "हो आई, हो. झोप हं आता." आणि उठून स्वयंपाकघरात यायचे. ओट्याला टेकून मला सांगायचे — गाडी कुठं अडकली, कुणाची क्रॉसिंग होती. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण ऐकायचे. आत ती जागी असायची. तिला सगळं ऐकू जायचं.

अजून मुख्य सांगितलेलं नाही. टाळतेय, कळतंय मला.

पावसाळा संपत आला होता. एका पहाटे तिनं हाक मारली, मी चहा संपवून, कप विसळून आत गेले. मला वाटलं, आज शिव्या देणार. देऊ दे, मी तयार होते. भांडायला तर मी कायमची तयार होते. पण तिनं माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "बहू, एक खरं सांग. मी हाक मारते का गं? मला वाटतं मी मारते. माझा आवाज बाहेर पडतो की नाही? की मला नुसतं वाटतं?"

ती माझ्यावर आरोप करत नव्हती, समजतंय ना? ती मला विचारत होती. सगळ्या घरात मला. आपलं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे तिला मी सांगायचं होतं.

तिचा हात तापलेला होता. हाडं लागत होती हाताला.

मी म्हटलं, "नाही मारत, आई. तुम्हाला वाटतं."

ती म्हणाली, "अस्सं." माझा हात सोडला आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर तिनं हाक मारली नाही. पहाटे नाही, दिवसा नाही, पाण्यासाठीसुद्धा नाही. मी जाईपर्यंत पडून राहायची. आणि मी घाबरले असेन, सुधारले असेन असं वाटतंय तुला? दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन पायरीवर बसले. खिडकीतून काही आवाज आला नाही. मी सावकाश चहा प्यायले आणि मग आणखी अर्धा कप करून घेतला.

थंडीत ती गेली. तेराव्याला बरेच लोक आले होते. हे पाहुण्यांना सांगत होते, "शेवटी आईला भान राहिलं नव्हतं. काहीबाही बोलायची. मी तर तिच्याशी बोलणंच सोडलं होतं, तिला काय कळणार म्हणून. पण हिनं फार केलं." मी पंक्तीत वाढत होते. ऐकलं, आणि पुढच्या पानावर भात वाढला.

तिला शेवटच्या दिवसापर्यंत सगळं कळत होतं. मुलगा आता आपल्याशी बोलत नाही, हेही. हे आज सत्तरीला आलेत, बाहेर बसून पेपर वाचतायत, आणि अजून म्हणतात, आईचं डोकं गेलं होतं. मी त्यांना सांगणार नाही.