कुंडावरच्या शेवंताबाई

शेवंताबाई कुणाच्या तोंडाकडं आधी बघतच नसत, पायांकडं बघत. आपण हात जोडावेत, तर त्यांची नजर आपल्या अंगठ्यावर. "काढा," एवढंच म्हणायच्या. मग काढलेल्या चपला कुंडाच्या वरच्या पायरीवर ओळीनं लावून ठेवायच्या. पहिल्या भेटीत मला हा प्रकार अजिबात आवडला नाही. बूट नवे होते. मी म्हणालो, "मावशी, चोरीला गेले तर?" त्या म्हणाल्या, "बूट गेला तर दुसरा मिळंल, दादा. तू गेलास तर तुज्या मायला म्या काय दावू? बूट?"

पाथरीच्या पुढं गोदावरीच्या काठी ते जुनं गाव आहे. नदीला तिकडं सगळे गंगाच म्हणतात. काठाला चिकटून काळ्या दगडाचं खोल कुंड, तिसेक पायऱ्या, आणि तळाशी खांबांची एक अंधारी ओवरी. या पाण्यानं खरूज, इसब जातो अशी समजूत. पूर्वी म्हणे निजामाचे अंमलदारसुद्धा मेण्यात बसून अंघोळीला यायचे. आता जिंतूर-सेलूकडून माणसं येतात, काही अंघोळीला, काही नुसती फोटो काढायला. कुंडाला नदीकडून एक मोरी आहे. गंगा चढली की पाणी मोरीतून आत घुसतं आणि बघता बघता कुंड भरतं. म्हणून शेवंताबाई तिथं बसायच्या. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. सासू बसायची, तिच्यामागं या बसल्या. "मला लिवता येत न्हाई," त्या सांगायच्या. "चप्पल वर, तर मानूस खाली. चप्पल उचलली, मानूस घरी. संपलं." त्यांच्या हयातीत कुंडानं एकही माणूस घेतला नव्हता, आणि याचा त्यांना लय अभिमान होता.

माझ्या आईच्या पायाला इसब होता. परभणीतल्या दोन डॉक्टरांची मलमं संपली, तेव्हा ती म्हणाली, "मला कुंडावर ने." भादव्यातला रविवार होता. मी नेलं. त्या दिवशी गर्दी होती आणि शेवंताबाई एका टोळक्याशी भांडत होत्या, त्यांना बूट काढायचे नव्हते. त्या गडबडीत आई माझ्यामागून उतरली आणि पाळीची वाट बघत तळाच्या ओवरीत जाऊन बसली. आधी पुरुषांची अंघोळ झाली, मग बायकांची पाळी. मी वर आलो, बूट घातले आणि गाडीपाशी जाऊन फोनवर बोलत बसलो. कार्यालयातल्या कुणाची तरी बदली, असलं काहीतरी. आज आठवलं तरी स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तेवढ्यात काठावरून एक जण ओरडत आला, "पानी सोडलंय! वर धरनाचे दरवाजे उगडले!" शेवंताबाई उठल्या. त्यांचा आवाज कुंडात घुमला, "निघा! आंघुळ ऱ्हाऊ द्या, निघा!" बायका ओल्या लुगड्यांनीच वर पळाल्या, आपापल्या चपला उचलल्या आणि गावाकडं निघाल्या. त्यांत आईच्यासारखं हिरवं लुगडं मला पाठमोरं दिसलं. मी फोन कानाला तसाच लावून मागं गेलो. "आई, इकडं, गाडी इकडं आहे." बाईनं वळून बघितलं. ती आई नव्हती.

मी धावत मागं आलो. पायरी रिकामी होती. शेवंताबाई पदरानं घाम पुसत निवांत उभ्या होत्या.

"मावशी, माझी आई कुठंय?"

"गेली आसंल गावात. खाली कोन न्हाई. समद्या चपला गेल्या."

"अहो, तिला चपलाच नाहीत! ती अनवाणी असते!"

त्यांचा चेहरा त्या क्षणी राखेसारखा झाला. मी पहिली पायरी उतरेपर्यंत साठी ओलांडलेली ती बाई दहा पायऱ्या खाली होती. मोरीतून गढूळ पाणी धो धो आत येत होतं. "तू तितंच थांब!" त्या न वळता ओरडल्या. "दोगंबी वाहवलो तर तिला वडायचं कुनी?" मी पाण्याच्या कडेला थांबलो. थांबण्याइतकं अवघड काम मी जन्मात केलेलं नाही. पाणी माझ्या घोट्याला लागलं, मग पोटऱ्यांना. ओवरीत छातीइतकं झालं असणार. आई कानांनी कमी, गुडघ्यांनी अधू, आणि आतून शेवंताबाईंचा आवाज येत होता, "सोड त्यो खांब! सोड म्हनते ना! देव हाय का त्यो?"

मग दोघी दिसल्या. शेवंताबाईंनी आईची वेणी मुठीत धरली होती आणि दुसरा हात तिच्या काखेत. मी हात दिला. वर आल्यावर आई थरथरत म्हणाली, "माजं कोरडं लुगडं ऱ्हायलं की रे खाली." मला हसू आलं नाही, रडूच फुटलं.

शेवंताबाईंचा दम परत यायला वेळ लागला. मग त्यांनी आईला विचारलं, "अनवानी कामून गं, आक्का?"

"नवस हाय. याला नोकरी लागूस्तोर चप्पल घालनार न्हाई, म्हनून माहूरच्या देवीला बोलले व्हते."

"मंग लागली न्हाई नोकरी?"

"लागली की. चार वर्सं झाली. माहूरला जाऊन फेडायचा ऱ्हायलाय. याला सवड व्हईना."

शेवंताबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. "फोनवर बोलायला सवड हाय, सायब," त्या म्हणाल्या, "आन् मायच्या पायाला न्हाई?" त्याच आठवड्यात आईला माहूरला नेलं.

पण त्यांनी स्वतःलाही सोडलं नाही. "तुला तरी काय बोलू," त्या म्हणाल्या. "मीच कुटं शानी? जल्मभर चपला राखल्या, मानसं बगितलीच न्हाईत." पुढच्या खेपेला गेलो तेव्हा वरच्या पायरीवर चपलांची ती ओळ नव्हती. शेवंताबाई तळाच्या पायरीवर बसल्या होत्या, प्रत्येकाला नाव विचारत होत्या आणि निघताना त्याच नावानं हाक मारत होत्या. एवढी नावं कशी लक्षात राहतात, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "त्या दिसापासून झोप लागत न्हाई नीट. रातभर घोकते."

नंतर त्यांचे पाय गेले. लेकीनं त्यांना पाथरीला नेलं. मधे बरीच वर्षं माझं जाणं झालं नाही. गेल्या हिवाळ्यात गेलो, तर बाजेवर चादरीसारख्या चपट्या पडलेल्या. नजरही गेलेली. मी नाव सांगितलं. त्या चाचपडत उठून बसल्या आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"माय कशी हाय तुजी?"

"गेली, मावशी. दोन वर्षं झाली."

मनगटावरचा हात एकदम गार पडल्यासारखा वाटला. "कशी गेली?"

"घरीच. सकाळी चहा घेतला, आडवी झाली, आणि गेली."

"आंथरुनात?"

"अंथरुणात. मी शेजारीच होतो."

त्यांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. माझं मनगट सोडलं, पाय लांब केले आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "कोरड्यात गेली. बरं झालं, लेकरा. आता झोपते मी."