नरेशची शेवटची बकरी

वर्षाचा फोन आला तेव्हा मी सदर भागातल्या ऑफिसात फायली लावत होतो. “अरे, नरेश गेला... मिहानले जायच्या बसची वाट पाहून राहिला होता, तिथंच बसला खाली.” याला दीड महिना झाला. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगायची लाज वाटते, पण लिहायला बसलोच आहे तर खरं लिहितो. आता रविवारी माझी गोष्ट कोणी मोडणार नाही, हे आलं.

वर्षा, तिचा नवरा दिनेश, नरेश आणि मी. दर रविवारी दुपारी, दुकान बंद असताना, गांधीबागेतल्या वर्षा-दिनेशच्या कपड्याच्या दुकानावरच्या खोलीत आमचा खेळ चालायचा. कागद, फासे आणि कल्पना, बस. एकाने जग रचायचं, बाकीच्यांनी त्यात योद्धा, चोर, मांत्रिक होऊन वावरायचं. जग रचणारा मी. दोनशे पानी वहीतले नियमही माझेच. नरेश मांत्रिक होता, आणि माझी वही माझ्यापेक्षा त्यानेच जास्त बारकाईने वाचली होती. मांत्रिकाला रोज एक जनावर मंत्राने बोलावता येतं, ते त्याचा हुकूम पाळतं आणि त्याने ‘जा’ म्हणेपर्यंत थांबतं, असं मी लिहून ठेवलं होतं. नवं आलं की जुन्याने जावं, एवढंच लिहायचं राहून गेलं.

काळ्या किल्ल्यापर्यंतचा प्रवास मी एकवीस दिवसांचा ठेवला होता. नरेशने रोज एक बकरी बोलावली. प्रत्येक बकरीसाठी तो टेबलावर एक रिकामी कांडी ठेवायचा. त्याच्या वडिलांच्या हातमागावरच्या, सूत गुंडाळायच्या त्या कांड्या. घरातला माग कधीच विकला गेला होता, कांड्यांची पिशवी तेवढी त्याने जपली होती. किल्ल्याच्या दारात मी महिनाभर खपून एक दैत्य उभा केला होता. नरेशने अरुंद दारात एकवीस बकऱ्या कोंबल्या.

“एका फटक्यात एकच मरते, असं तूच लिहिलं ना गा? मग मार एकेक करून.”

दैत्याला हात उचलायलाही जागा उरली नाही. वर्षा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो... आणि घरी जाऊन नीट जेवलो नाही. जग माझं, रात्रंदिवस डोकं माझं, आणि आठवडाभर सगळ्यांच्या तोंडी काय तर नरेशच्या बकऱ्या! मी त्याच्यावर जळत होतो, साध्या शब्दांत सांगायचं तर.

शेवटच्या रविवारी मी वहीत एक ओळ वाढवून नेली. एका मांत्रिकाजवळ एका वेळी एकच जनावर. खेळ समतोल व्हावा म्हणून, असं कारण मी दिलं. ते खोटं होतं.

“आजपासून?” नरेशने विचारलं.

“आजपासून.”

“बरं गा.”

तो भांडेल म्हणून मी तयारी करून गेलो होतो. तो भांडला नाही. त्याने एकेक कांडी उचलली. “ढवळे, जा. गंगे, जा...” प्रत्येकीला नाव होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. दिनेश खिडकीबाहेर बघत बसला. वीस कांड्या पिशवीत गेल्या. “चंपी राहू दे,” तो म्हणाला, “पुढच्या रविवारी कामात येईल.” तो रविवार त्याला मिळाला नाही.

परवा आम्ही तिघं पुन्हा बसलो. चंपीची कांडी तो ठेवून गेला तिथंच होती. वर्षा हळूच म्हणाली, “पाठवून दे ना तिले. नियम तुयाच आहे.” मी वही उघडली. ‘जा’ म्हणायचा हक्क फक्त बोलावणाऱ्याचा. बोलावणारा मेला तर काय, हे मी कुठंच लिहिलेलं नाही. एका ओळीचं काम होतं. पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

मग मी त्यांच्यापुढे नवी गुहा उभी केली. चार रात्री जागून रचलेली. दिनेशने ती ऐकून घेतली आणि कांडी बोटाने पुढे सरकवली. “आधी चंपीले पाठवू अंदर.” दोघं खळखळून हसले. माझ्या गुहेला कोणी विचारलंही नाही. मला पूर्वीसारखंच झोंबलं, अगदी तसंच... आणि दीड महिन्यात पहिल्यांदा मला रडू आलं.