चष्मेवाल्याच्या बायकोचं उड्डाण

चष्मेवाला स्वतःला दिग्दर्शक म्हणवून घ्यायचा आणि त्यात खोटं काही नव्हतं. दिग्दर्शन त्याने केलेलं होतं, फक्त सिनेमा झालेला नव्हता. दुकानाच्या मागच्या खोलीत तो लोकांचे डोळे तपासायचा. तिथेच कोपऱ्यातल्या टेबलावर त्याचा कॉम्प्युटर होता आणि त्या कॉम्प्युटरमध्ये त्याची बायको तीन वर्षं पोटावर पडून होती.

हे नीट उलगडून सांगितलेलं बरं, नाहीतर भलताच गैरसमज व्हायचा.

बायको दुकानाचा पुढचा काउंटर सांभाळायची. काड्या घट्ट करायच्या, काचा पुसायच्या, वाकड्या नाकावर सरळ फ्रेम बसवायची आणि वर “शोभतोय हं तुम्हाला” असं म्हणून माणसाला खूश करून पाठवायचं, हे सगळं तिचं काम. एका संध्याकाळी शटर ओढता ओढता ती म्हणाली, की इतकी वर्षं हा रस्ता काचेतून बघतेय, एकदा तो वरून बघायचाय. दुसरा नवरा असता तर तिला एखाद्या टेकडीवर घेऊन गेला असता. ह्याने सिनेमा लिहायला घेतला. काउंटरवरच्या बाईचे पाय दुकान बंद करायच्या वेळेला जमिनीवरून सुटतात, ती दारातून तरंगत बाहेर पडते आणि गावावरून उडत जाते, अशी साधी गोष्ट. बायकोला ती इतकी आवडली की तिने त्या दिवशी जेवताना दोनदा मीठ वाढलं.

शेजारच्या शिंप्याने हिरव्या कापडाचा अख्खा तागा काढून दिला आणि उत्साहाच्या भरात लांबलचक निळा झगाही शिवून दिला. हिरवं कापड गच्चीवर दोरीला टांगलं. त्याच्यापुढे गोल स्टूल ठेवलं, स्टुलावर हिरवी चादर, आणि त्यावर बायको पोटावर आडवी, हात पसरून, झगा मागे. समोरून मेहुण्याने टेबलफॅन धरला. स्टूल डगमगायला लागलं तेव्हा चष्मेवाल्याची थोरली बहीण, आक्का, स्वतःला हिरव्या कापडात गुंडाळून खाली उकिडवी बसली आणि तिने स्टूल गच्च धरलं. हिरवं दिसेल तेवढं सॉफ्टवेअर पुसून टाकतं, कापड, स्टूल, आक्का सगळं, आणि त्या जागी आपल्याला हवं ते आकाश ठेवता येतं, एवढी माहिती चष्मेवाल्याने काढलेली होती. कुठलं सॉफ्टवेअर, ते मात्र ठरायचं होतं. इथेच घोडं पेंड खायला लागलं.

पहिलं जांभळ्या चिन्हाचं. महिनाभर फुकट वापरा, मग पैसे भरा, असा त्याचा करार. महिनाभर चष्मेवाला ते शिकला आणि जरा हात बसला त्याच दिवशी सॉफ्टवेअरने दार लावून घेतलं. मग नारिंगी आलं. ते कापाकापी लोण्यासारखी करायचं, पण पुसापुशीसाठी त्याच कंपनीच्या धाकट्या भावंडाला बोलवावं लागायचं आणि दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही. तिसरं सिनेमावाले वापरतात म्हणे. ते चालू केलं की जुना कॉम्प्युटर चढ चढल्यासारखा धापा टाकायचा. चौथं कायमचं फुकट होतं. फुकट ते पौष्टिक असं सगळं जग मानतं, पण चष्मेवाल्याला तेवढ्यासाठीच त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटेना. शिंपी रोज चहाला यायचा आणि पडद्यावरची ती सगळी चिन्हं बघून म्हणायचा, एक ना धड, भाराभर चिंध्या. चिंध्यांबद्दल त्याचा शब्द शेवटचा.

आणि अडचण एक होती खरी. वाऱ्याने आक्काचं कापड सरकलं होतं आणि घड्याळ घातलेला तिचा हात कोपरापासून उघडा पडला होता. बायको उडायला लागली की तिच्या पोटाखालून तो हातही निघायचा. तो हात जो पुसेल तेच सॉफ्टवेअर घ्यायचं, असं चष्मेवाल्याने जाहीर केलं. मग केसांच्या कडा, मग झग्याचा निळा रंग, मग ढगांची सावली, अशा अटी वाढत गेल्या. चष्मा करायला आलेली माणसंही सुटली नाहीत. एक निवृत्त पोस्टमास्तर वाचायचा चष्मा न्यायला आले आणि अर्धा तास बायकोच्या केसांच्या कडा तपासून, चष्मा तिथेच विसरून गेले.

आता चष्मेवाल्याची एक खोड सांगायला हवी, तो तिला हुशारी म्हणायचा. डोळे तपासताना तो त्या गोल जड फ्रेममध्ये एकेक काच घालतो आणि विचारतो, आताचं बरं की आधीचं? पाच-सहा काचा झाल्या की माणूस दमतो आणि तपासणाऱ्याचं मन राखायला काहीही सांगायला लागतो. मग चष्मेवाला काच काढतो आणि तीच परत घालतो. “हां, आता कसं स्वच्छ दिसतंय,” असं माणूस म्हणाला, की ह्याने ओळखायचं, डोळे थकले. मग तपासणी थांबवायची, चहा मागवायचा. ही युक्ती तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि बायको पुढच्या काउंटरवरून ती इतक्या वर्षांत शेकडो वेळा ऐकत आली होती.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. बायकोने त्याला हाताला धरून गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसवलं आणि कॉम्प्युटर त्याच्यासमोर वळवला. म्हणाली, मी पण दोन-तीन सॉफ्टवेअरमध्ये तो तुकडा करून बघितलाय, जरा सांगा. चष्मेवाला चकितच झाला. पण तीन वर्षं त्याच्या खांद्यावरून बघणाऱ्या माणसाला तेवढं येणारच, काउंटरवर बसून तिने काही डोळे मिटले नव्हते. पडद्यावर ती उडाली. तिने पुन्हा लावलं, पुन्हा उडाली.

“आताचं बरं की आधीचं?”

चष्मेवाला पुढे झुकला. दुसरं निःसंशय सरस आहे, त्याने सांगितलं. पहिल्यात केसांभोवती हिरवट झाक येते, दुसऱ्यात केस कसे मोकळे वाटतात, निळ्यालाही खोली आहे. तिने तिसरं दाखवलं. तिसऱ्यात ऊब कमी आहे, पण हालचाल दुसऱ्याहून सफाईदार, असं तो बोटांनी हवेत केस रेखाटत म्हणाला. दुसरं आणि तिसरं एकत्र करता आलं असतं तर काय बहार आली असती, असंही म्हणाला.

“तिन्ही एकच आहेत,” बायको म्हणाली. “त्या फुकटवाल्यात केलेलं. तेच तीनदा लावलं.”

चष्मेवाल्याचे कान लाल झाले. समोर भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता, त्याच्याकडे त्याने नजर वळवली. मग हळूच म्हणाला, “अगं, पण वाईट झाला तर?”

म्हणजे खरं दुखणं हे होतं. न झालेला सिनेमा कधी वाईट नसतो. बायकोला त्याचा रागही आला आणि मायाही वाटली, आणि ती दोन्ही एकदम बोलली.

“वाईट तर वाईट. माझे गुडघे आता त्या स्टुलावर परत चढायचे नाहीत. तीन वर्षं मी तिथे पोटावर पडून आहे, अहो. मला उडवा.”

तो उठला. खुर्चीवरून नाही, अंगातूनच काहीतरी उठलं म्हणायचं. त्याने जांभळं पुसलं, नारिंगी पुसलं, धापा टाकणारं पुसलं. दुकानावर “जरा वेळाने या” अशी पाटी लागली आणि दोघं फुकटातल्या सॉफ्टवेअरला भिडली. तो कापायचा, ती आकाश निवडायची. मेहुण्याने पाण्याच्या टाकीवर चढून कॅमेऱ्यात घेतलेलं गाव तिच्याखाली सरकवलं, आणि त्यात त्यांच्या दुकानाची पाटी दिसली तेव्हा तिने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की माऊस टेबलाखाली गेला. हात काही केल्या पुसला जाईना. राहू दे, दोघं एकदमच म्हणाली. गाडी एकदा सुटली म्हणजे अशी सुटते. रविवारी सगळ्यांना बोलवायचं हे बायकोने परस्पर ठरवून टाकलं.

रविवारी मागच्या खोलीत शिंपी, मेहुणा, आक्का आणि विसरलेला चष्मा न्यायला आलेले पोस्टमास्तर दाटीवाटीने बसले. प्रोजेक्टर मेहुण्याने कुठूनसा आणला होता, पडदा म्हणून भिंतच होती. भिंतीवरचा तक्ता काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे पडद्यावरची बाई काउंटरवरून तरंगली ती तळाच्या बारीक अक्षरांमधून वर मोठ्या अक्षरांकडे निघाली. कुणीतरी खुदकन हसलं. मग ती दाराबाहेर पडली, गच्च्यांवर आली, झगा फडफडला, आणि हसणारे माना वर करून बघायला लागले. तिच्या पोटाखाली घड्याळ घातलेला एक हात इमानेइतबारे उडत होता.

“तो माझा हात आहे,” आक्काने पोस्टमास्तरांना सांगितलं, आणि ते आदराने तिच्याकडे बघायला लागले.

आपल्याच दुकानावरून आपणच जाताना बायको बघत होती आणि तिचे पाय खुर्चीखाली जमिनीला टेकत नव्हते. चष्मेवाला पडद्याकडे बघतच नव्हता, तिच्याकडे बघत होता. केसांच्या कडा हिरव्या होत्या. त्याला त्या दिसल्याच नाहीत.

उडता उडताच सिनेमा संपला. भिंत पांढरी झाली. टाळ्या पडल्या आणि टाळ्यांतूनच शिंप्याने विचारलं, “सगळं झकास, पण वहिनी उतरल्या कुठे?”

उतरायचा प्रसंग चष्मेवाल्याने लिहिला होता, पण सॉफ्टवेअर ठरलं की घेऊ म्हणून तो घ्यायचाच राहून गेला होता. तो घाईघाईने उभा राहिला. तेवढा शेवट राहिलाय, सिनेमा तसा अजून अपुराच आहे, असं काहीबाही सांगायला लागला.

बायकोने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

“उतरायचं कशाला?” ती शिंप्याला म्हणाली. “आत्ताशी तर उडालेय.”