ओटीतला सदरा

माझ्या थोरल्या भावाचा एक सदरा आईने कधी धुतला नाही.

आम्ही नेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहायचो. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीने मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, आणि गावाचं डोकं फिरलं. पाटलाचा मेलेला बैल ओढायला भाऊ नाही म्हणाला, म्हणून जमादाराने घरात शिरून त्याला चौकीत नेलं. परत आला तो बैलगाडीत आडवा. त्याच आठवड्यात गेला. तापाने गेला, असं चौकीने ठरवून टाकलं.

सदऱ्याचा खिसा फाटला होता, छातीवरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. आई तो ट्रंकेत ठेवायची आणि दिवेलागणीला काढून नाकाशी धरायची. त्याच्या घामाचा वास अजून आहे, म्हणायची. मलाही यायचा.

वस्तीतली कार्यकर्ती पोरं तालुक्याला खेटे घालून थकली. मग त्यांच्या पुढाऱ्याने, म्हणजे भावाच्याच जिवलग दोस्ताने, जमादाराला त्याच्या घरी गाठायचं ठरवलं. त्याच्या बायकोला सातवा महिना होता, ओटी भरायची होती. आम्ही बायांनी जायचं आणि आईने तिच्या ओटीत सदरा घालायचा. मी म्हणाले, मारलं त्याने, त्यात तिचा काय संबंध? तो म्हणाला, आपल्या घरात शिरताना त्याने कुणाचा संबंध पाहिला होता? त्याचं हे बोलणं आठवतं, म्हणून आजही मी त्या पोराला सरसकट चूक म्हणत नाही. आई मात्र सदरा हातचा सोडायला तयार नव्हती. जमादार तो स्वतः परत आणून देईल, तुझे पाय धरील, असं भावाच्या दोस्ताने सांगितलं तेव्हा ती उठली.

जमादार उमरखेडला बंदोबस्तावर होता. हे आम्हाला पोलीस लाइनीत पोचल्यावर कळलं. एवढा बेत रचला आणि ज्याच्यासाठी रचला तोच जागेवर नाही! तिथूनच मागे फिरायला हवं होतं. पण दारात उभ्या त्याच्या बायकोने आम्हाला पाहिलं होतं. बदलीच्या गावात नवी, ओळख ना पाळख, जी येईल ती आपलीच असं तिला वाटत असावं. दीक्षेनंतर आम्ही कुंकू सोडलं होतं. आईच्या मोकळ्या कपाळाकडे बघून ती क्षणभर थबकली. ओटीला जमलेल्या शेजारणी कुजबुजल्या. तरी तिने पदर पसरला.

"मले माय नाही," ती म्हणाली. "तुमीच भरा."

आईने सदरा पदरात ठेवला आणि म्हणाली, "हे माह्या लेकाचं आहे. तुह्या नवऱ्यानं मारलं त्याले."

शेजारणी मागे सरल्या. तिने मात्र पदर सोडला नाही. तसाच दोन्ही हातांत धरून ती उभी राहिली, आणि आम्ही पायऱ्या उतरलो. वस्तीत पोरांनी जयजयकार केला. आई भाकरीला शिवली नाही.

त्यानंतर आई रोज वेशीकडे बघायची. जमादार काही आला नाही. एका दुपारी त्याची बायको आली, एकटी, पोट सावरत, उन्हातून चालत. सगळी वस्ती दारात उभी राहिली. तिने पदराखालून घडी काढून आईच्या हातात ठेवली. सदरा पांढराशुभ्र झाला होता. खिसा बारीक टाक्यांनी शिवला होता, तुटलेली गुंडीही लावली होती.

"लय घासला, माय," ती म्हणाली. "डाग नाही राह्यला एकही. माह्यानं दुसरं काय होते?"

आईने सवयीने सदरा नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला. मग ती मटकन खाली बसली आणि भावाच्या मयतीलाही रडली नव्हती इतकी रडली. त्या बाईला काही उमगेना. आपण माफी मागितली म्हणून ही रडते, असं वाटून तीही शेजारी बसली आणि आईची पाठ चोळत राहिली.

आईने तिला रडण्याचं कारण शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती बाई परत गेल्यावर आईने सदरा माझ्याकडे दिला. "ठेव कुठं बी," म्हणाली. "आता तो नुसता कपडा आहे."