निपाणीच्या वखारीतली हलकी बॅटरी

ते प्रकरण आठवलं की आजही आधी तंबाखूचा वास नाकात येतो आणि मग बाकीचं सगळं. तेव्हा मी निपाणीला फौजदार होतो. महायुद्ध संपलं होतं, इंग्रज जाणार हे दिसू लागलं होतं, आणि ठाण्यात माणसं नेहमीसारखीच अपुरी होती.

त्या काळात बेळगावच्या कॅम्पात लष्कराचा नको झालेला माल लिलावात निघत असे. तंबू, बूट, लॉऱ्या, काय वाटेल ते. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याने तिथून विजेवर चालणारी एक गाडी आणली. पुढे लोखंडाचे दोन लांब दात. त्यावर ओझं घ्यायचं, दांडा ओढला की दात ओझ्यासकट वर चढायचे. आता तिला फोर्कलिफ्ट म्हणतात. आमच्याकडे तिला बॅटरीची गाडी म्हणत, आणि गंमत अशी की ती आली होती बॅटरीशिवाय. मूळची लोखंडी पेटीतली बॅटरी केव्हाच बाद झाली होती. तशी नवी मुंबईहून मागवावी लागणार होती आणि तोवर थांबायची व्यापाऱ्याची तयारी नव्हती. त्याने त्याच लिलावातल्या लॉरीच्या बॅटऱ्या घेतल्या, एकीला एक जोडून गाडीच्या पोटात बसवल्या आणि उरलेल्या जागेत लाकडी ठोकळे कोंबले. वखारीतल्या तेलाच्या इंजिनावर त्या भरून घेतल्या. गाडी सुरू झाली. माणसाला तेवढं पुरतं.

तंबाखूचं बोद, म्हणजे तरटात घट्ट शिवलेलं भलं मोठं गाठोडं, वर चढवायला एरवी चार-चार हमाल लागत. आता एक ड्रायव्हर ते काम करू लागला. हा ड्रायव्हर नंदगडकडचा, युद्धात लॉरी चालवून परत आलेला, एकटा जीव. वखारीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या हमालाच्या घरून त्याची भाकरी येई. त्या म्हाताऱ्याला सगळे आप्पा म्हणत. आप्पांचा एकुलता एक मुलगाही तिथेच हमाल होता.

एका सकाळी तोच मुलगा बोदाखाली सापडून मेला.

मी पोहोचलो तेव्हा गाडी आपल्या चारी चाकांवर नीट उभी होती. दात अर्धवट वर होते, समोर बोद पडलेलं, त्याखाली तो. जवळच फरशीवर एक दाभण पडलं होतं, तरट शिवायचं. पंचनामा केला, दाभण मुद्देमालात घेतलं, प्रेत सरकारी दवाखान्यात पाठवलं. घटनेच्या वेळी आत तिघेच होते: ड्रायव्हर, मुलगा आणि आप्पा. बाकीचे हमाल बाहेर बैलगाडी उतरवत होते.

अपघात म्हणून कागद पुढे गेले असते. पण संध्याकाळी वखारीसमोरचा चहावाला हॉटेल बंद करून ठाण्यात आला. असे लोक कधी सरळ बोलत नाहीत. आधी त्याने हवापाण्याचं विचारलं, मग हळूच म्हणाला, "सायब, आदल्या दिशी त्येंचं लई वाजलंतं. पोरगं गाडीवर बसलंतं शिकायला. ड्रायव्हरनं गचांडी धरून खाली वडलं आनि म्हनला, परत बसलास तर चिरडून टाकीन."

मी चारचौघांना विचारलं. सगळ्यांनी ते वाक्य ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी फिर्याद दिली. जबाबात ते म्हणाले, "बोदाची शिवण उसवलीती. पोरानं दाभण मागितलं. मी घिऊन गाडीला वळसा घातला तवर बोद त्येच्या अंगावर. दांडा हेच्या हातात हुता सायब. माझ्या घरची भाकर खाऊन हेनं माझं पोरगं खाल्लं." बोलताना त्यांचा हात सारखा डोक्याच्या पटक्याकडे जात होता आणि रिकामाच खाली येत होता. हमाल दाभण पटक्यातच खोवून ठेवतात.

गाडी उलटलेली नव्हती, काही तुटलेलं नव्हतं, दांडा याच्याच हातात आणि आदल्या दिवसाची धमकी. मी ड्रायव्हरला अटक केली. खुनाचं कलम लावलं. त्या कलमाचा शेवट कुठे होतो हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

चौकशीत तो तोंड उघडेना. आमच्या हवालदाराचा अशा वेळी हाताच्या भाषेवर फार विश्वास. मी त्याला बाहेर पिटाळलं आणि चहा मागवला. माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस न विचारलेलंही सांगतो. याने विचारलेलंही सांगितलं नाही.

"धमकी दिली होतीस?"

"व्हय. तेला गाडी येत न्हवती. कुनाचा तर जीव गेला असता."

"बोद तू खाली सोडलंस?"

"न्हाय."

"मग पडलं कसं?"

त्याने चहाचा कप बाजूला सारला. म्हणाला, "सायब, काय ल्हयाचं ते ल्ह्या. मी अंगठा देतो. पर मला बोलाय लावू नका."

फासाच्या सावलीत बसलेला माणूस गप्प राहतो तेव्हा तो कुणाला तरी पाठीशी घालत असतो, हे कळायला फौजदार व्हावं लागत नाही. पण कुणाला? आत तिसरा माणूस फक्त आप्पा होते, आणि तेच तर फिर्यादी. मला काही जुळेना. त्या चार दिवसांत जेवण गोड लागलं नाही.

शेवटी पुन्हा वखारीत गेलो आणि गाडीभोवती फिरलो. मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक लोखंडी पट्टी होती. सगळ्या गाडीचा लष्करी हिरवा रंग शाबूत. त्या पट्टीवर मात्र दोन ठिकाणी तो पार झिजला होता. अनवाणी पायांनी झिजतो तसा. ड्रायव्हर तर बूट घालत असे.

मी कॅम्पातल्या लष्करी वर्कशॉपच्या साहेबाकडे गेलो. गाडीचं वर्णन ऐकून त्याने पहिला प्रश्न विचारला तो बॅटरीबद्दल. लॉरीच्या बॅटऱ्या म्हटल्यावर त्याने पाइप खाली ठेवला. त्याचं म्हणणं साधं होतं. या गाडीची बॅटरी नुसती वीज देत नाही, पुढच्या ओझ्याला मागून तोलही तीच देते. म्हणून ती मुद्दाम जडशीळ असते. वीज तेवढीच मिळाली म्हणून हलकी बॅटरी घातली तर गाडी धावेल, पण ओझं उंच उचलताना तोंडावर जाईल, आणि ओझं घसरून पडलं की पुन्हा चारी चाकांवर बसेल.

मग गाडी इतके महिने तोंडावर गेली कशी नाही? याचं उत्तर वखारीतच मिळणार होतं. मी पंच बोलावले, ड्रायव्हरला बेड्या घालून नेलं आणि हमालांना तेवढंच बोद दातांवर ठेवायला लावलं. समोर कुणालाही उभं राहू दिलं नाही. फिर्यादी म्हणून आप्पाही आले होते. त्यांना पाहताच ड्रायव्हर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सायब, तेवढं आप्पास्नी भायेर बसवा. मग सांगशीला ते करतो."

त्याची मागणी मी मानली. हवालदाराने आप्पांना दाराबाहेर तराजूपाशी नेऊन बसवलं. बेड्या काढल्या, ड्रायव्हर बसला, मोटर घुमू लागली. बोद वर चढलं. माणसाच्या डोक्याइतकं वर गेलं आणि गाडीची मागची चाकं फरशीवरून सुटली. पंच मागे सरले. हमालांच्यात गडबड उडाली, कुणीतरी ओरडलं, "आरं, मागं कोन हाय?"

मी वळून त्या ओरडणाऱ्याला काही विचारणार, इतक्यात दारातून आप्पा आत आले. घाई नाही, काही नाही. रोजच्या कामाला निघाल्यासारखे आले, गाडीच्या मागे गेले आणि त्या झिजलेल्या पट्टीवर चढून उभे राहिले. मागची चाकं खाली बसली.

शेतात ढेकळं फोडायला फळी फिरवतात, ती हलकी पडली की माणूस तिच्यावर उभा राहतो. वखारीतले सगळे हमाल शेतकऱ्यांचीच पोरं. गाडीचं ढुंगण उचलतंय हे पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी त्यांना येत होता तो उपाय केला. धावपळ झेपत नाही म्हणून ते काम आप्पांकडे आलं. कुणी व्यापाऱ्याला सांगितलं नाही, कुणी मला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

आप्पा पट्टीवर उभे होते. त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग समोर, वर गेलेल्या बोदाकडे. मग हात पटक्याकडे गेला.

"मी उतरलो," ते म्हणाले. "त्येनं दाभण मागितलं आनि मी उतरलो."

ड्रायव्हरने बोद हळूहळू खाली घेतलं, मोटर बंद केली आणि उतरून त्यांच्यापाशी गेला. "तुमी न्हाय ओ आप्पा. बॅटरी हलकी हाय. आप्पा, बॅटरी हलकी हाय." तो तेच तेच म्हणत राहिला. आमचा तो हवालदार भिंतीकडे तोंड करून उभा होता. नोकरीत मी प्रेतं पुष्कळ पाहिली. पण त्या दिवशी त्या दोघांकडे माझ्याने बघवेना.

ड्रायव्हर सुटला. व्यापाऱ्यावर मी हलगर्जीपणाचा खटला भरला. त्याने बेळगावहून, टिळकवाडीतले एक नाणावलेले वकील आणले. अशा गाडीत अमुकच वजनाची बॅटरी हवी असा कायदा दाखवा, एवढंच ते म्हणाले. तो मला दाखवता आला नाही. व्यापारी निर्दोष सुटला आणि त्याने गाडी कुणाला तरी विकून टाकली. कुणाला, ते कळलं नाही. बॅटऱ्यांसकट विकली असेल तर देव जाणे.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली आणि पुढे नोकरीभर मी ती पाळली. साक्षीदाराला आपण विचारतो, त्या दिवशी वेगळं काय घडलं? ते तो सांगतो. रोज काय घडतं हे कुणी विचारत नाही, म्हणून कुणी सांगत नाही. माणसाचा जीव बहुतेक वेळा त्या रोजच्यातच अडकलेला असतो. व्यापाऱ्याने तर गाडी चालेल का एवढंच विचारलं होतं. ती उभी राहील का, हे विचारलं असतं तर एक घर बुडालं नसतं.

खटला संपल्यावर मुद्देमाल परत द्यायचा हुकूम आला. आप्पांना ठाण्यात बोलावलं. ड्रायव्हर त्यांना हाताला धरून घेऊन आला. आता तो त्यांच्याच घरी राहत होता. आप्पांनी अंगठा दिला, मी दाभण त्यांच्या हातात ठेवलं. ते त्यांनी पटक्यात खोवलं नाही, मुठीत धरून उभे राहिले.

"सायब, एक इचारू? खरी बॅटरी किती जड असती?"

"फार जड, आप्पा. तुमच्यासारखी कितीतरी माणसं उभी करावी लागली असती."

"मंजी मी वर हुबा असतो, तरीबी मी पुरलो नसतो?"

ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता.

"नाही आप्पा," मी म्हणालो. "तुम्ही पुरला नसता."

त्यांनी मान हलवली आणि ते पायऱ्या उतरून गेले. ते पट्टीवर चढल्यावर मागची चाकं खाली बसलेली मी स्वतः पाहिली होती. त्यांनीही पाहिली होती.