शिनोलीच्या वरचा आहेर

आळ्याहून सकाळी जीप काढली तेव्हा सगळं गाव निरोपाला जमलं होतं. सगळं म्हणजे चौघं, पण आवाज चारशेंचा. शेजारी माझी इंग्रज सून हेलन, पंजाबी ड्रेस घालून. मुलगा आदल्या दिवशीच्या मिसळीनं आडवा. सुनेच्या बापाची तिकडं एवढी मोठी हवेली आहे, की या खोलीतून त्या खोलीत जायला घोडा लागतो, हे मी गावात आधीच सांगून ठेवलं होतं. बापाला मी कधी पाहिलं नव्हतं. घोडा मात्र लख्ख दिसायचा.

"सवारी कुठं, तात्या?" शेजारच्या बबननं विचारलं.

"सूनबाईला गरिबी दाखवायला. विलायतेत मिळत नाही ना ती!"

मागच्या सीटवर घरातल्या जुन्या साड्यांची पिशवी टाकली होती. बंगला, कांद्याची चाळ, ट्रॅक्टर, सगळं तिला दाखवून झालं होतं. पण श्रीमंती एकटी उठून दिसत नाही, शेजारी काहीतरी ठेवावं लागतं.

नारायणगाव, मंचर, घोडेगाव मागं पडलं. शिनोलीच्या वर चढाला लागलो आणि जीप अशी तापली, की डिंभ्याचं धरण पाजलं असतं तरी ढेकर दिली नसती. थांबली ती नेमकी एका कुडाच्या घरापुढं. अंगणात औषधाला जाणारे रानातले हिरडे वाळत घातले होते. ठकूबाई नावाची म्हातारी बाहेर आली.

"या, पावणं. गाडीला पानी देते, पर आदी तुमी घ्या."

पाण्यामागून गुळाचा कोरा चहा आला. मी हेलनच्या कानाशी लागलो, "बघ, दूधसुद्धा नाही. आठवड्यातून एकदा जेवतात हे लोक." तेवढ्यात आतून नाचणीची भाकरी आणि चटणी आली. हेलननं भाकरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी आभाळाकडं पाहिलं.

खाऊन झाल्यावर मी पिशवी आणली. "ठेवा मावशी. घरात पडूनच होतं."

ठकूबाईनं वरची साडी उचलली. विरलेला काठ बोटांनी चाचपला, परत नीट घडी घातली.

"सून हाय न्हवं ही? पैल्यांदाच आली?"

"हो."

"मंग आहेर म्हना की!"

आत ट्रंकेचं झाकण वाजलं. म्हातारी बाहेर आली ती कुंकू, सुपात जिरेसाळ तांदूळ आणि कोरी हिरवी साडी घेऊन. साडीवरचा कागद तसाच होता. "भावानं दिवाळीला दिली. घडी न्हाई मोडली अजून."

मी ताडकन उभा राहिलो. "छे छे, मावशी! तुमचीच असू द्या. आमच्याकडं ढीग पडलाय."

"आसंल की. तुमी आनलं, म्या न्हाई म्हनलं का? आन् मी देते, तर तुमी न्हाई म्हनता. मंग मला समजता तरी काय, भाऊ?"

काय समजतो ते मी मघाशीच कुजबुजलो होतो.

हेलन पुढं झाली. कुणी शिकवलं कोण जाणे, तिनं ओढणी पसरली. म्हातारीनं कुंकू लावलं, ओटी भरली, साडी वर ठेवली आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

जीपला पाणी पाजून परत निघालो. उतारावर हेलन तिच्या तुटक मराठीत म्हणाली, "बाबा, तसली पिशवी मला माहीत आहे. लहानपणी आमच्या दारात यायची. वाससुद्धा तोच."

"तुमच्या दारात?"

"डॅड सोडून गेले. आई ऑफिसं पुसायची. थंडीत हीटर लावला, तर रात्री जेवण नाही."

"पण फ्रिज तर असेल ना?" मी विचारलं. विचारू नये ते मी नेमकं विचारतो.

"होता. उघडला की आत दिवा लागायचा. बाकी काही नाही." ती ओटीतले तांदूळ चाळवू लागली. "पिशवी आणणाऱ्यांसाठी आईनं एकदा केक केला. त्यांनी घेतला नाही. हसून म्हणाले, तुमचाच असू द्या. त्या दिवशी आई रडली. त्याआधी नव्हती रडली."

माझे शब्द. जसेच्या तसे.

आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं? गावात आता घोड्याचं काय सांगायचं!

आळ्यात पोचलो तर बबन सकाळच्या मंडळींसह कठड्यावर बसलेलाच. "दिसली का गरिबी?"

जन्मात पहिल्यांदा मी पदरचं काही न घालता सांगितलं. साडी, हीटर, फ्रिज, केक, सगळं. पण सांगता सांगता आवाज चढला, हात नाचू लागले. माझं खरंही बढाईच्याच सुरात निघतं. आणि ते माझं नव्हतंच, तिचं होतं, हे माझ्या ध्यानात आलं ते सगळं सांगून झाल्यावर.

"इलायतेत गरीब? आन् त्योबी फ्रिजवाला?" बबननं मांडीवर थाप मारली. "लई ताणता राव, तात्या! त्यापरीस घोडा बरा व्हता."

सगळे खो खो हसले. त्यांच्यात मीही हसलो.

हेलन जीपमधून उतरली. एक दाणा सांडू नये म्हणून ओढणी दोन्ही हातांनी धरून, खाली बघत, आमच्या हसण्यामधून वाट काढत घरात गेली.