चौदाच्या पुढचा आवाज

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. गोंदियाच्या ज्या गल्लीत मी लहानाचा मोठा झालो, तिथला सगळ्यात भयंकर प्राणी म्हणजे राईस मिलच्या फाटकावरचा कुत्रा. पुढे हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवलं. पोरं मला भ्यायची, त्यामुळे माझं भित्रेपण झाकून राहिलं. बायकोच्या मात्र ते पहिल्याच वर्षी लक्षात आलं. ती केशोरीकडची. घरामागच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, संपली की जंगल सुरू. लहानपणी ती आईबरोबर पहाटे मोहफुलं वेचायला जायची. तिला पालीची किळस येते, पण भीती अशी कशाचीच वाटत नाही.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी तिला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मी म्हटलं, बागेत चार चकरा मारू. ती म्हणाली, "बागेत गोल गोल काऊन फिरायचं? मी काय घान्याचा बैल आहो?" आणि तिनं परस्पर आमची दोघांची नावं डोंगर चढणाऱ्यांच्या एका मंडळात घातली. महिन्यातून एका रविवारी पहाटे निघायचं, सालेकसा किंवा नवेगावच्या अंगाला एखादा डोंगर चढायचा आणि संध्याकाळच्या आत घरी यायचं. सगळे आमच्यासारखेच होते. गुडघ्याला पट्टा बांधणारे बँकवाले, दोन नर्सबाई, कापडाचे एक व्यापारी.

मंडळाचे प्रमुख एक मिलवाले शेठ होते. अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायचे आणि दोन्ही ओरडूनच. त्यांचा एक नियम होता. प्रत्येकाला एक कायमचा नंबर. वाटेत जिथं जिथं थांबायचं, तिथून निघण्याआधी ज्यानं त्यानं आपला नंबर मोठ्यानं बोलायचा, एकपासून शेवटपर्यंत. मंडळात निम्मे हिंदीवाले, म्हणून मोजणी हिंदीत. एखाद्या आकड्याला आवाज आला नाही तर कुणी पाऊल उचलायचं नाही. आम्ही अठरा जण होतो. माझा नंबर चौदह, तिचा पंद्रह.

हा नियम मला फार आवडला होता. तीस वर्षं हजेरी घेतलेल्या माणसाला तो आवडणारच. वर्गात दुसऱ्याच्या नावाला "हजर" म्हणणारी पोरं मी आवाजावरून पकडत असे आणि तासभर बाकावर उभी करत असे. आता आठवलं की त्या पोरांसमोर उभं राहायची लाज वाटते.

कारण नियम मोडला तो मीच. पहिल्या पावसाळ्यात आम्ही एका धबधब्यापाशी थांबलो होतो. पाण्याचा आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मी "चौदह" म्हणालो आणि पुढे काहीच नाही. शेठ ओरडले, "पंद्रह? पंद्रह किधर है?" मी वळून पाहिलं तर ती दिसेना. खाली शेवाळलेले दगड, त्याखाली पाणी. ती माझ्या दुसऱ्या अंगाला खाली बसून बुटाची नाडी बांधत होती आणि तिथूनच "पंद्रह, पंद्रह" म्हणत होती.

तो मधला क्षण मला सोसला नाही. खरं सांगायचं तर चौदा आणि पंधराच्या मधला तो रिकामा क्षण त्यानंतर मला दर वेळी सोसेना. ती शेजारी उभी असली तरीही. म्हणून मी एका दमात दोन्ही आकडे बोलायला लागलो, "चौदह-पंद्रह". शेठ पहिल्यांदा हसले. "मास्टरजी, एक टिकट पर दो सवारी?" सगळे हसले आणि मग सगळ्यांना त्याची सवय झाली. तिला सोडून.

"माझा नंबर मले बोलू देत जा," ती म्हणायची.

"तुझा आवाज पोचत नाही."

"आवाज पोचते. तुमालेच धीर नाई."

मी ऐकलं नाही. उलट तिचं आणखी बरंच काही मी माझ्याकडे घेतलं. तिची पाण्याची बाटली, डबा, साखर उतरली तर लागणाऱ्या गोळ्या, सगळं माझ्या पिशवीत. ती हात हलवत पुढे चालायची आणि मी मागून दोघांचं ओझं वाहायचो, आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी द्यायचो. हिवाळ्यात धुक्यातून चढताना चिखलात बिबट्याच्या पंजाचा ठसा दिसला, तेव्हा ती खाली वाकून बोटं लावून पाहत होती आणि मी तिच्या स्वेटरची कड धरून उभा होतो. एवढ्याचा मला धीर वाटत होता, की ती माझ्या हाताशी आहे आणि तिचं सगळं माझ्यापाशी आहे.

मग चैत्र आला. ऊन तापायच्या आत उतरायचं म्हणून आम्ही सहालाच चढायला लागलो. वाट दाखवायला पायथ्याच्या गावातला एक माणूस होता, खांद्यावर कुऱ्हाड टाकलेला, फारच कमी बोलणारा. झाडाखाली मोहाचा सडा पडला होता आणि सगळ्या रानाला तो गोड, जडसा वास. त्या माणसानं एका वारुळापाशी थांबून उकरलेली माती दाखवली.

"अस्वल?" मी विचारलं.

"रातचा आहे. मोहा खायाले येते ना. दिस वर आला का जाते. पन झाडाखाली उगाच कोनी जाऊ नोका."

"दिवस वर आला म्हणजे किती वाजता?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "गुरुजी, त्याच्यापाशी घडी नाई."

सगळे हसले. मी नाही हसलो. अस्वल कसं तोंडावरच झडप घालतं, ते मी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं आणि माझ्या डोक्यातून ते जात नव्हतं. सुक्या पाल्यावर कुणाचाही पाय वाजला तरी मी दचकत होतो. एका कोरड्या नाल्यात आम्ही पाणी प्यायला थांबलो, मोजणी करून निघालो. तिथून वर खिंडीपर्यंत उभी चढण होती. चढताना माझं लक्ष फक्त डावी-उजवीकडच्या झाडांकडे. माझ्या पुढे कोण चालतंय, मागे कोण, याच्याकडे मी पाहिलंच नाही. जिच्यासाठी भय वाटत होतं, तिच्याकडेच पाहायचं राहिलं.

खिंडीत दम घेतला, शेठनी मोजणी सुरू केली. बारह, तेरह. मी झाडांकडे बघत म्हणालो, "चौदह-पंद्रह." पुढे सोलह, सत्रह, अठारह. "पूरे," शेठ म्हणाले आणि सगळे हसत-बोलत निघाले.

अर्ध्या-पाऊण तासानं माथा आला. नऊ वाजले होते. सातची गोळी घेतल्यावर नऊला तिनं खाल्लंच पाहिजे, म्हणून मी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि हात पुढे केला. डबा घ्यायला कुणी नव्हतं. मी नर्सबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "आम्हाला वाटलं तुमच्याजवळच आहेत." शेठना विचारलं. ते म्हणाले, "मास्टरजी, आपने ही तो पंद्रह बोला."

डबा हातात, तिचं पाणी माझ्या पाठीवर, तिच्या गोळ्या माझ्या पिशवीत. तिच्यापाशी काय होतं? अंगावरचं पातळ आणि पायातले बूट. पोटात गोळी गेलेली आणि अन्नाचा कण नाही. आणि खाली ते उकरलेलं वारूळ. मी तसाच उताराला लागलो. शेठनी मागून धरलं, नाहीतर मी पहिल्याच वळणावर गडगडलो असतो. कुऱ्हाडवाला पुढे झाला. म्हणाला, "ओरडू नोका कोनी. चूप चाला."

त्या उतरणीबद्दल मला फार लिहिता येणार नाही. एवढंच आठवतं की मी चालताना "पंद्रह, पंद्रह" पुटपुटत होतो आणि माझाच आवाज ऐकून मला किळस येत होती. दर झाडाखाली काळं काही दिसलं की मी थांबायचो. दोनदा ती जळलेली खोडं निघाली.

खिंडीच्या खाली, नाल्याच्या वळणावर कुऱ्हाडवाल्यानं हात वर केला. वाटेपासून वीसेक पावलांवर मोहाचं मोठं झाड होतं. त्याच्या बुंध्याला पाठ लावून ती बसली होती. एक पाय लांब केलेला, घोटा सुजून टम्म. मांडीवर दोन मोठे दगड आणि पदरात मूठभर मोहफुलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि नाल्याच्या पलीकडे दाखवलं. पलीकडच्या झाडाखाली पाला हलत होता. मला एक काळी, केसाळ पाठ दिसली आणि फुसफुस असा आवाज. आम्ही सगळे दगड होऊन उभे राहिलो. किती वेळ ते मला माहीत नाही. मग ती पाठ वळली आणि सावकाश झुडपात निघून गेली.

मी तिच्यापाशी गेलो, पण बाटलीचं झाकण मला उघडता येईना. तिनं ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतः उघडली. नर्सबाईंनी तिची नाडी पाहिली. म्हणाल्या, साखर उतरली असेल. ती म्हणाली, "नाई उतरली. मोहा खाऊन राहिली ना मी. तिकडून तो खाय, इकडून मी."

सगळे हसले. कुऱ्हाडवाल्यानं दोन फांद्या तोडल्या, शेठनी आपला लांब गमछा बांधून झोळी केली. मी तिच्या पायाशी बसून होतो. काय झालं ते तिनं मला तेव्हाच सांगितलं. नाल्यातली मोजणी झाल्यावर, निघताना, ती झुडपामागे गेली होती. बायकांना जावं लागतं आणि एवढ्या पुरुषांत ते कुणाला सांगायचं. परतताना पाय खड्ड्यात गेला आणि ती सरपटत झाडापाशी येईपर्यंत आम्ही वर पोचलो होतो.

"मग हाक का मारली नाहीस?" मी जवळजवळ ओरडलोच. भीती उतरताना मला राग येतो, तसा आला होता. "तेव्हा तर अस्वल नव्हतं!"

"नोहता. मी ओरडनारच होतो," ती म्हणाली. तिकडच्या बायका बोलण्यात 'होती'ला असं 'होतो' म्हणतात. "पन वरून मोजनी सुरू झाली. खिंडीतलं सारं खाली आयकू येते. मी म्हनलं, ओरडून कायले रान जागं करू. माझा नंबर आला का चूप होतील सारे. मंग येतीलच खाली." तिनं घोट घेतला. "तवापर्यंत मले काईच भेव नोहता. बारह झाला, तेरह झाला. मंग तुमीच माझा नंबर बोलले."

तिनं पदरातली फुलं खाली झटकली.

"तवा भेव लागला मले. हसून राहिले सारे वरतं, अना पाय वाजत वाजत गेले. मंग ओरडली मी, पन कोनी आयकलं नाई. अना मंग तो आला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी रडलो, सगळ्यांच्या देखत, सुक्या नाल्यात बसून. शेठ दुसरीकडे पाहत उभे राहिले.

घोटा बरा व्हायला पावसाळा गेला. मला वाटलं होतं की आता हे बंद. मी तसं बोललोही. दिवाळी झाल्यावर मात्र तिनं स्वतःसाठी एक वेगळी पिशवी आणली. लहानशी, खांद्यावर अडकवायची. त्यात तिनं आपली बाटली, आपला डबा, आपल्या गोळ्या भरल्या. मला फक्त तारीख सांगितली.

पहिल्या थांब्यावर शेठनी मोजणी लावली. मी रानाकडे तोंड करून उभा होतो आणि मुद्दामच वळून पाहिलं नाही. ती कुठं उभी आहे हे मला माहीत नव्हतं. तेरह झालं. मी म्हणालो, "चौदह," आणि दात घट्ट मिटले.

पुढे काहीच आलं नाही. धुकं होतं, पानांवरून थेंब पडत होते. सोळाव्या नंबरच्या बँकवाल्यांनी घसा खाकरला, पण ते बोलले नाहीत. कुणीच बोललं नाही. माझ्या जिभेवर तो आकडा येऊन उभा होता आणि मी तो बोललो नाही. ती चैत्रात खाली बसून याच शांततेची वाट पाहत होती, हे मला तेव्हा कळलं.

मग दूर मागून, मला वाटत होतं त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा आणि खणखणीत आवाज आला, "पंद्रह."